आधी कंदील

तळघराला ती पहिल्या दिवसापासून घाबरायची. सून म्हणून या घरी आली त्याला सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत लाथाडणारी गाय माणसाळली, विहिरीवर पंप बसला, घरात एक पोर आली आणि साऱ्या घराची झोप उडवून बसली. पण गोठ्यामागच्या शेडमधली ती जमिनीतली झडप उघडली की अजूनही ती दोन पावलं मागे सरायची. झडपेखाली अकरा दगडी पायऱ्या, पायऱ्यांच्या तळाशी एक खोली आणि खोलीत वर्षभराचे बटाटे. बटाट्यांना कोण घाबरतं, म्हणून नवरा हसायचा. ती बटाट्यांना घाबरत नव्हती, अंधाराला घाबरत होती. बिचारी भलत्याच गोष्टीला घाबरत होती, एवढंच.

त्या घराचं वर्ष बटाट्याभोवती फिरायचं. पानगळ सुरू झाली की बटाटे काढायचे, चार दिवस सावलीत पसरून ठेवायचे आणि पोती भरून खाली उतरवायची. कडाक्याची थंडी पडायच्या आत तळघराच्या हवेच्या भोकात पेंढा कोंबायचा, नाहीतर गारठ्याने सगळा माल हातचा जातो. हिवाळ्यात आठवड्याला एक पोतं वर यायचं. शेवटच्या दोन महिन्यांत मात्र झडप उघडायचीच नाही. खायचे बटाटे आधीच स्वयंपाकघरात आणलेले असायचे आणि लावणीचे खाली शांत पडू द्यायचे. मग ऊन तापू लागलं, माती मऊ झाली की झडप उघडून ती पोती काढायची.

झडप उघडली की आधी कंदील, हा सासूबाईंचा कायदा. त्या स्वतः काच पुसायच्या, वात पेटवायच्या, कडीला दोरी बांधून कंदील एकेक पायरी खाली सोडायच्या. तळाला टेकला की थांबायच्या. मग तो वर ओढून म्हणायच्या, "जा आता." दुसऱ्या कुणाला हात लावू देतील तर शपथ. झडपेशेजारी खिळ्याला विहिरीतल्या बादल्या काढायचा गळही टांगलेला असायचा, चार आकड्यांचा, लांब दोरीचा. पंप बसल्यापासून विहिरीत बादली पडत नव्हती, तरी सासूबाई दरवर्षी त्याची दोरी बदलायच्या.

"आई, कंदील कशाला हो सोडायचा?" सुनेने एकदा विचारलं होतं.

"पद्धत आहे," सासूबाई म्हणाल्या आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

आता पद्धत म्हटल्यावर पुढे कोण विचारणार? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, उंदीर-साप दिसावेत म्हणून असेल. त्यालाही ठाऊक नव्हतं. तो वर्षाचा असताना त्याचे वडील अपघातात गेले, एवढंच त्याला सांगितलेलं. कसला अपघात, हे त्या घरात कुणी विचारत नसे. माणसं काय करायचं ते बजावून सांगतात आणि का करायचं ते मात्र गिळून बसतात, याचा मला भारी राग येतो. का ते सांगितलं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

त्या वर्षी सुनेने बाजारातून बॅटरी आणली. हातभर लांब, डोळे दिपवणारी. आपली भीती घालवायला आणलेली वस्तू, त्यामुळे तिला तिचं फार कौतुक. लावणीच्या सकाळी ट्रॅक्टरवाला येऊन शेताच्या कडेला ताटकळत होता. सासूबाई गोठ्यात दूध काढत होत्या आणि कंदिलाची काच काळीकुट्ट पडली होती.

"आईला हाक मारू का?" नवरा म्हणाला.

"कंदील कशाला? या बॅटरीत उंदराच्या मिशा मोजून घ्या."

तो हसला. तिने बॅटरी झडपेतून खाली रोखली तर शेवटच्या पायरीपर्यंत लख्ख उजेड. एक उंदीर नाही, काही नाही. तो बॅटरी घेऊन उतरला. ती पोरीला कडेवर घेऊन वर उभी राहिली. पोरीला सगळे भिंगरी म्हणायचे. तीन वर्षांची होती आणि एका जागी ठरायची नाही. तिचे लाल बूट कधी जोडीने घरी आले नाहीत. एक पायात, तर दुसरा खुराड्यात, नाहीतर चाऱ्याच्या गंजीत. एकदा तर दुधाच्या बादलीत सापडला होता.

खालून पोतं सरकल्याचा आवाज आला. मग काहीतरी धप्पकन पडलं.

"अहो?"

ती झडपेच्या कडेशी सरकली.

"अहो, चेष्टा नको हं. मला भीती वाटते."

ती वाकली. तळाशी बॅटरी आडवी पडून जळत होती आणि तिच्या उजेडात नवरा पोत्यावर पालथा पडलेला होता. एक हात पायरीकडे.  चक्कर आली असेल, डोकं आपटलं असेल, साप चावला असेल! तिने पोरीला कडेवरून उतरवून कोरड्या जमिनीवर ठेवलं, "इथेच थांब" म्हणाली आणि पायऱ्यांकडे धावली. दोन पायऱ्या उतरलीही.

तेवढ्यात तिची वेणी मागून कुणीतरी अशी खेचली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. सासूबाई होत्या. दुधाची बादली शेडच्या दारात कलंडलेली आणि म्हातारीच्या अंगात दहा जणांचं बळ. त्यांनी सुनेला फरफटत वर काढलं आणि तिच्या छातीवर गुडघा रोवला.

"सोडा मला! ते पडलेत खाली!"

"दिसतंय मला."

"तुमचा मुलगा आहे तो!"

"म्हणूनच सांगते. खाली हवा मेली आहे. उतरलीस तर तूही त्याच्याशेजारी पडशील. ऊठ, आणि दोरी धर."

सासूबाईंनी खिळ्यावरचा गळ काढला. पहिल्या फेकीला तो पोत्यात रुतला. दुसऱ्या फेकीला कोटाच्या बाहीत अडकला आणि ओढताच बाही टरकन फाटली.  सून मोठ्याने रडत होती आणि आपण रडतोय हेही तिला कळत नव्हतं. म्हातारी मात्र हूं की चूं न करता दोरी गोळा करत होती.  तिसऱ्या फेकीला गळाचा आकडा कमरेच्या पट्ट्यात बसला.

"ओढ. डोकं आपटलं तरी ओढ."

दोघींनी दोरी खांद्यावर घेतली आणि झडपेकडे पाठ करून दारापर्यंत रेटत गेल्या. प्रत्येक पायरीला एक धक्का बसायचा. अकरा धक्के सुनेने मोजले. तो वर आला तेव्हा ओठ निळे होते आणि तोंडातून रक्त येत होतं. त्याला त्यांनी बगलेत धरून बाहेर उन्हात ओढत नेलं. सासूबाई त्याची छाती दाबत होत्या, गालावर चापट्या मारत होत्या आणि प्रत्येक चापटीला शिव्या देत होत्या. सून त्याच्या नाकाशी हात धरून बसली होती. हाताला काही लागत नव्हतं. किती वेळ गेला देव जाणे. मग त्याच्या घशातून घरघर आली, एक श्वास आला, आणि पाठोपाठ तो ओकला. त्या ओकण्याचा तिला जेवढा आनंद झाला तेवढा लग्नातही झाला नव्हता.

तेव्हा कुठे तिला पोरीची आठवण आली.

"भिंगरे! कुठे आहेस गं?"

भिंगरी शेडमधून दुडूदुडू बाहेर आली. एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी.

"आई, बाबांची बॅटरी खालीच राहिली," ती म्हणाली.

"राहू दे गं बाई, राहू दे," म्हणत आईने तिला पोटाशी धरलं. सासूबाईंनी जाऊन झडप लावली आणि वर दगड ठेवला. मग ट्रॅक्टरवाल्याने सगळ्यांना दवाखान्यात नेलं. 

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा घरी अंथरुणावर होता. एक दात पडला होता, डोकं दुखून फुटायची वेळ आली होती, पण जेवण मागत होता. भिंगरी त्याच्याशेजारी झोपली होती. सासूबाईंनी कंदिलाची काच पुसली आणि सुनेला म्हणाल्या, "चल. तुला दाखवते."

शेडमध्ये जाऊन त्यांनी दगड सरकवला, पण झडप लगेच उघडली नाही. तिच्यावर हात ठेवून बसल्या.

"याचा बाप उतरला होता. लावणीच्याच दिवसांत. आवाज येईना म्हणून त्याचा भाऊ उतरला. तोही आला नाही. मी इथे उभी होते, हा कडेवर. लोक म्हणाले, बायको बघत राहिली."

सुनेला त्यांच्याकडे बघवेना. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत, आई? मी बॅटरी आणली नसती हो."

"सांगायला गेले की तोंडात शब्दच यायचा नाही. माझंच चुकलं." त्यांनी झडपेवरून हात फिरवला. "मी शहाणी होते म्हणून वाचले असं समजू नकोस. मीही उतरणारच होते. पण इथे चिखल होता आणि पोराला चिखलात कसं ठेवायचं, एवढाच विचार करत राहिले. तेवढ्यात माणसं आली."

काल जमीन कोरडी होती. सुनेला ते आठवलं.

सासूबाईंनी झडप उघडली, कंदील पेटवला आणि दोरी सुनेच्या हातात दिली. "हळूहळू सोड. ज्योत बघत राहा, दुसरं काही बघू नकोस. कोंडलेले बटाटे हवा खातात; ज्योत विझेल तिथून खाली माणूसही जगत नाही."

तिने कंदील सोडला. पहिली पायरी. दुसरी. तिसरी. ज्योत सरळ उभी होती. कंदील चौथ्या पायरीवर टेकला तेव्हा त्याचा उजेड कडेला पडलेल्या एका लाल बुटावर पडला. बुटाचं तोंड खालच्या दिशेला होतं.

 सुनेच्या हातून दोरी हातभर सुटली आणि कंदील पाचव्या पायरीवर गेला. ज्योत आक्रसली, निळी झाली आणि विझली. खाली तळाशी बॅटरी अजून मंद जळत होती.