पथरी नव्हतीच

त्या आठवड्यात हुलग्याच्या माडग्याचा चौथा डबा नानासोंच्या घरी आला आणि नानासोंनी तोही मुकाट्याने रिकामा केला.

मूतखड्यावर हुलगा उत्तम, हे माण तालुक्यात लहान पोरालाही ठाऊक असते. नानासोंना पथरी झाल्याची बातमी दहिवडीच्या त्या आळीत पसरली, आणि घरोघरच्या चुलीवरून हुलग्याच्या पिठाचे पातळ माडगे येऊ लागले. शेजारचे निवृत्त शिक्षक चिंतामण मास्तर तर स्वतः डबा आणत आणि संपेपर्यंत समोर बसत. "तळापर्यंत प्या नानासो, सत्त्व खाली बसलेलं असतं," असे बजावत. माणसे मायेची होती, औषधही वाईट नव्हते. फक्त नानासोंना पथरी नव्हती.

त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग होता.

वाचकहो, आपल्या घरांत हे नवीन नाही. दुखणे एक असते आणि गावाला सांगितलेले नाव दुसरे. नानासोंनी तर ते खोटे नाव बायकोलाही, शालूबाईंनाही, सांगितले होते. सांगलीच्या इस्पितळात शालूबाई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या होत्या. गड्यांच्या दुखण्यात बायकांचे काय काम, असे त्यांना कोणी म्हटले नव्हते. त्या ते आपणच धरून चालल्या होत्या.

आत डॉ. सुमंतांनी नीट समजावून सांगितले होते. "आजार अजून ग्रंथीच्या आतच आहे. थांबून चालण्याइतका सौम्य नाही, पण घाबरण्याइतका पुढेही गेलेला नाही. शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार, असे दोन मार्ग आहेत. या कागदांत सगळं आहे. घरी वाचा, बोला, प्रश्न लिहून आणा. पंधरा दिवसांनी भेटू."

पंधराचे वीस दिवस झाले. कागद पिशवीत राहिले आणि पिशवी खुंटीवर.

कारण त्या बोलण्यात मध्येच एक वाक्य आले होते. किरणोपचार घेतले तर सहा महिने इंजेक्शन लागेल, पुरुषी हार्मोन दाबून ठेवणारे. त्यापुढचे नानासोंना काही ऐकू आले नाही. एकतीस वर्षे त्यांनी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली होती. किती गोऱ्हे त्यांच्या चिमट्याखाली खच्ची झाले, याची मोजदाद नव्हती. चिमटा सुटल्यावर गोऱ्हा थोडा वेळ हलत नसे. मान खाली घालून, कोणावरही राग न धरता, नुसता उभा राही. दाढीच्या आरशात नानासोंना हल्ली तोच चेहरा दिसत असे.

त्यांना भीती वाटत नव्हती, रडूही येत नव्हते. ते आंघोळ करीत, टाकीत पाणी चढवीत, बातम्या बघत, आणि बातमी काय होती म्हणून विचारले तर सांगू शकत नसत.

अशा दिवसांत त्यांची थोरली बहीण बनुबाई आली. वय शहात्तर. अजून चाळीस मेंढरे राखणारी. उंबऱ्यात काठी टेकवून ती भावाचे माडगे पिणे बघत राहिली.

"नाना, कळ कुठनं निघती रं?"

"हितनं," नानासोंनी कमरेवर हात ठेवला.

"कवा?"

"अधनंमधनं."

"खोटं बोलतूयास. पथरीचा माणूस भुईवर लोळतो, आईच्या नावानं बोंबलतो. तू तर पोट भरल्याली म्हस रवंथ करती तसा बसलाईस. काय झालंय?"

नानासोंनी वाटी खाली ठेवली. एवढ्या दिवसांत त्यांना असे सरळ कोणी विचारलेच नव्हते.

"आक्का, कॅन्सर हाय."

स्वयंपाकघरात शालूबाईंचे लाटणे थांबले.

"कुठं?"

नानासोंनी वाटी पुन्हा उचलली.

"आरं, कुठं? त्या जागंला नाव हाय का न्हाई?"

"बायकांम्होरं कसं सांगू, आक्का?"

"बायकांम्होरं!" म्हातारी कडाडली. "आपण मेंढरांच्या घरात जल्मलेलो. मेंढा कशानं बिघडला, हे जेवताना बोलायचो. एकतीस वरसं चावडीवर हुबा ऱ्हाऊन लोकांच्या बैलांचं सारं नाव घिऊन सांगत हुतास. तवा लाज कुठं ठिवली हुतीस? आन आज सोताच्या देहाचं बोलायचं तर तोंडाला मुसकं?"

"जनावराचं येगळं असतं, आक्का."

"येगळं व्हय? मग तुझ्या दाजींचं आइक." बनुबाईचा आवाज एकदम खाली आला. "त्यांनी मला कमरंचं दुखणं म्हणून सांगितलं. वरीसभर मी तेल चोळत हुते. रोज. मूळ दुखणं तू ज्याचं नाव घीनास, त्येच हुतं, गड्या. हाडात उतरलं हुतं. डाक्टर म्हणला, दोन वरसं आधी आला असता तर काय तरी करता आलं असतं. त्यांनी लाज राखली आन मी त्याल चोळलं. चोळणाऱ्या हाताला तरी खरं कळाय पायजे हुतं का न्हाई?"

शालूबाई पिठाच्या हातानेच बाहेर आल्या. त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली आणि नवऱ्यापुढे ठेवली.

"आवं, वाचा. मोठ्यानं वाचा. मला बी आइकायचंय."

चाळीस वर्षांच्या संसारात जे शब्द त्या घरात कधी उच्चारले गेले नव्हते, ते त्या दुपारी नानासोंनी एकेक करून वाचले. पहिले चार शब्द त्यांनी कागद तोंडासमोर धरून वाचले. पाचव्यापासून ते केसपेपर वाचावा तसे वाचू लागले! किती वर्षांचा रुग्ण, तक्रार कधीपासून, रोग कुठवर, उपाय कोणते. हे तर त्यांचेच काम होते. एवढेच, की या वेळी जनावराच्या जागी त्यांचे स्वतःचे नाव होते. वाचून झाल्यावर त्यांनी वहीत अकरा प्रश्न लिहिले. बारावा शालूबाईंनी सांगितला.

आधी ते साताऱ्याच्या दुसऱ्या तज्ज्ञांकडे गेले. नानासोंना संकोच वाटत होता. "सांगलीच्या डॉक्टरांना अपमान वाटंल."

"लोकांनी गायीला दुसरा डाक्टर दावला, तवा तुमाला वाटला हुता व्हय?" शालूबाई म्हणाल्या.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी निदान तेच सांगितले, दोन्ही मार्गांनी बरे होण्याची आशा सारखीच असल्याचे सांगितले, आणि नानासोंच्या हृदयात स्टेंट असल्यामुळे शस्त्रक्रियेची जोखीम थोडी जास्त राहील, याकडेही लक्ष वेधले. मग ते सांगलीला गेले. या खेपेस शालूबाई बाहेरच्या बाकावर थांबल्या नाहीत.

डॉ. सुमंतांनी एकेका प्रश्नाचे उत्तर दिले. शस्त्रक्रियेनंतर काही महिने लघवीवर ताबा कमी राहू शकतो. किरणांनी शौचाचा आणि लघवीचा त्रास होऊ शकतो. पतीपत्नीच्या संबंधांवर दोन्हींचा परिणाम होऊ शकतो.

"आणि ते इंजेक्शन?" नानासोंनी वहीत बघूनच विचारले. "म्हणजे खच्चीकरणच की, साहेब."

डॉक्टर हसले नाहीत. "परिणाम तसाच असतो, हे खरं आहे. पण तो कायमचा नसतो. इंजेक्शन थांबल्यावर बहुतेकांचं हार्मोन हळूहळू परत येतं. तुमच्या वयात वेळ जास्त लागेल, पूर्ण येईलच अशी हमी मी देणार नाही."

मग शालूबाईंनी आपला बारावा प्रश्न विचारला. "साहेब, ह्यांनी इंजेक्शन घेतलं, तर ह्ये आमच्यात किती वरसं ऱ्हातील?"

"आजार आटोक्यात राहिला, तर तुम्ही दोघं मिळून म्हातारे व्हाल, बाई."

शालूबाई नवऱ्याकडे वळल्या. डॉक्टरांच्या देखत त्या एवढेच बोलल्या, "मला तुमी पायजे. बाकीचं गेलं तर जाऊ दे."

नानासोंच्या छातीत, गेले महिनाभर जिथे काहीच हलत नव्हते, तिथे काहीतरी हलले. थोडेसेच. त्यांनी किरणोपचाराच्या संमतीपत्रावर सही केली. कोणी लोटले म्हणून नव्हे, समजून-उमजून केली!

परतल्यावर संध्याकाळी चिंतामण मास्तर डबा घेऊन आलेच. नानासोंनी तो हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"मास्तर, मला पथरी नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. सोमवारपासून सांगलीला उपचार."

मास्तरांचा चेहरा उतरला. बराच वेळ ते चटईची किनार खुडत बसले. मग उठून त्यांनी दार लोटले, परत येऊन जवळ बसले, आणि वर्गात कधीही इतका खाली न गेलेल्या आवाजात त्यांनी विचारले,

"नानासो, रात्रीतून पाच-पाच वेळा उठावं लागणं... आणि थेंब थेंब होणं... हे वयाचंच असतं ना?"

"असेलही, मास्तर. पुष्कळांचं वयाचंच असतं. पण तपासल्याबिगर ते सांगायचं कोणी? सोमवारी आमची गाडी सांगलीलाच चाललीय. बसा तुमी बी. काकूंना सांगून या. खरं सांगून या."

वाचकहो, देहाच्या कोणत्याही भागाला स्वतःची लाज नसते. ती आपण त्याला चिकटवतो आणि तिची किंमत आपल्या माणसांना मोजायला लावतो. दुखण्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. वैद्याला प्रश्न विचारा, दुसऱ्या वैद्याचे मत घ्या, आणि ज्या हाताने तुमची सेवा व्हायची आहे, त्या हाताला अंधारात ठेवू नका. उपचार निवडण्याचा अधिकार रुग्णाचा आहे. पण जे तोंडाने बोलायचेच नाही, ते निवडता कसे येईल?

डबा मात्र वाया गेला नाही. शालूबाईंनी तीन वाट्या मांडल्या. त्या संध्याकाळी तिघांनी मिळून माडगे तळापर्यंत संपवले. पथरी त्यांच्यातल्या कोणालाच नव्हती.