चौदा नंबरची जागा

सोळा वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसलो आणि मला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. यात माझी काही चूक नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला बजावत होतो.

टॉटनहॅमच्या जलद्वाराखाली ली नदी दोन्ही बाजूंनी काँक्रीटमध्ये बांधून काढली आहे. काठावर गळ टाकणाऱ्यांसाठी नंबरांच्या पाट्या ठोकल्या आहेत. मी चौदावर, तो सोळावर. पंधरा रिकामी. आमच्यात रीतच आहे तशी: कुणी बसलेलं असेल तर लागून बसायचं नाही, मध्ये एक जागा सोडायची, आणि उगाच तोंड चालवायचं नाही. मासा घरी न्यायचा नाही, ही दुसरी रीत. धरायचा, बघायचा, सोडून द्यायचा. माझी बायको डोरीन म्हणायची, "खायचा नाही तर बिचाऱ्याच्या तोंडात गळ कशाला घालतोस, क्लिफर्ड?" आता ते विचारायला ती नाही.

ती गेल्यावर दर मंगळवारी सकाळी सोळा नंबरवर हिरवी छत्री दिसली की मला बरं वाटायचं. खरं सांगतो, आख्ख्या आठवड्यात दुसऱ्या कशानं बरं वाटायचं नाही. तो मान हलवायचा, मी मान हलवायचो. त्याला मासा लागला की मी बघायचो, मला लागला की तो. त्याच्या थर्मासचं झाकण वाजलं की मीही चहा ओतायचो. एवढाच आमचा संसार.

मार्चच्या मध्यापासून तीन महिने नदीवर गळ टाकायला बंदी असते. सोळा जूनला ती उठते, आणि त्या सकाळी ज्याचे हातपाय चालतात तो प्रत्येक जण काठावर हजर असतो. यंदा हिरवी छत्री आली नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. विचारणार कुणाला? आणि काय म्हणून? नाव नाही, पत्ता नाही, हसला की दिसणारा एक सोन्याचा दात तेवढा माहीत.

मग मी एक वेडेपणा सुरू केला. मासे जिथं खायला मिळतं तिथं जमतात. चारा पडायचा थांबला की जागा ओस पडते. म्हणून मी घरी भांगेच्या बिया शिजवायचो (नशापाणी काही नाही, माशांना आवडतात इतकंच) आणि आधी त्याच्या पाण्यात मूठ मूठ टाकायचो. तो परत आला तर त्याला ओसाड पाणी मिळू नये. झालं असं की नदीतले झाडून सगळे मासे सोळावर, आणि मी चौदावरून हात हलवत घरी.

जुलैत हात गोंदवून घेतलेला एक गडी सोळावर गळाच्या सामानाची पेटी ठेवू लागला.

"ती जागा धरलेली आहे," मी ओरडलो.

"कुणाची आहे?"

"येणारेय तो."

"आजोबा, नदी काय तुमच्या बापाची आहे?"

"नाही. पण बिया माझ्या आहेत."

म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय असं समजून तो पुढं गेला. समजेना का.

ऑगस्टमध्ये एक बाई पाट्या वाचत वाचत आली आणि माझ्यापाशी थांबली.

"अहो, तुम्ही नेहमी इथंच बसता का? चौदावर?"

"बसतो. का?"

"मी लॉरेल. माझे वडील पलीकडे बसायचे. एग्बर्ट. त्यांची हिरवी छत्री..."

मी गळाची काठी खाली ठेवली. पुढचं ऐकायची हिंमत होत नव्हती.

तो जिवंत होता. एप्रिलमध्ये झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. दोन बस-थांब्यांवरच्या वृद्धाश्रमात होता. आणि जूनपासून डाव्या हातानं एकच आकडा लिहीत होता. चौदा.

"आम्हाला वाटलं, तारीख. मग वाटलं, खोली बदलून हवीय. नर्सनं चौदा नंबरच्या खोलीत नेलं तर उशी फेकून मारली तिला! काल त्यांचा जुना फोटो सापडला. हातात मासा, मागे सोळाची पाटी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला."

"सोळा वर्षांत एकदा बोलायला काय झालं होतं त्याला?" मी म्हणालो. राग आला होता, पण त्याचा नव्हता.

"डॅड म्हणायचे, चौदावर एक पाद्री बसतो. त्याला शांतता लागते. त्याला त्रास द्यायचा नाही."

पाद्री! बत्तीस वर्षं बस चालवली मी. आणि शांतता मला घरीच पोटभर मिळत होती.

पुढच्या मंगळवारी मी गेलो. खिडकीपाशी ओळीनं तीन खुर्च्या होत्या. शेवटच्या खुर्चीत तो, बाहेरच्या मोटारी बघत बसलेला. केवढा वाळला होता. मी मान हलवली. त्यानंही हलवली, अर्धीच. मी पहिल्या खुर्चीत बसलो, थर्मास काढला, चहा ओतला. बोलायचं खूप होतं आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं. आम्ही दोघंही मोटारी बघत राहिलो.

थोड्या वेळानं थप थप आवाज आला. डाव्या हातानं तो मधल्या रिकाम्या खुर्चीवर थोपटत होता.

"पंधरावर?" मी विचारलं.

त्यानं पुन्हा थोपटलं, जरा चिडूनच.

मी उठलो, एक जागा सरकून बसलो आणि म्हणालो, "माझं नाव क्लिफर्ड."