शिंप्याचा घेवडा

बाबा गेले आणि पुढच्याच महिन्यात मी त्यांचा घेवडा पेरला. डबीत बी थोडंच उरलं होतं, कारण आजारपणामुळे आदल्या वर्षी त्यांना वाफ्यापर्यंत जाताच आलं नव्हतं. अर्धं पेरलं, अर्धं राखून ठेवलं. रोपं दोन पानांवर आली आणि एका सकाळी नुसते देठ उभे दिसले. देठांभोवती वाळलेले, चकाकणारे माग. गोगलगायी.

भिंतीपलीकडे कंपाउंडरकाकांचा घेवडा मात्र काठ्यांना वेढे घालत वर चढत होता. तोच घेवडा.

माझे वडील शिंपी होते. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या दारी बाग. फार पूर्वी एका साध्या वेलावर त्यांना वेगळी शेंग दिसली. तिच्या शिवणीवर बारीक जांभळी रेघ होती. दुसऱ्या कुणाचं लक्षही गेलं नसतं, पण शिवणी बघण्यातच त्यांचा जन्म गेला होता. त्या शेंगेचं बी त्यांनी राखलं आणि दर वर्षी निवडत राहिले. मी शाळेत जाऊ लागले, शाळा संपवून बाहेर पडले, तोवर निवडत राहिले. शेवटी सगळा वेल जांभळ्या रेघेच्या शेंगांनी लगडला. कोवळ्या शेंगा, शिरा काढायची गरजच नाही. त्यातलं मूठभर बी त्यांनी मित्राला दिलं. मित्र म्हणजे शेजारचे, दवाखान्यात पुड्या बांधणारे कंपाउंडरकाका. मित्राने त्या शेंगा भाजीपाल्याच्या प्रदर्शनात स्वतःच्या नावावर मांडल्या, पहिला नंबर पटकावला आणि बक्षिसाचं घड्याळ ओसरीत टांगलं. तेव्हापासून बाजारात त्याला कंपाउंडरचा घेवडा म्हणतात.

बाबांनी तोंडातून शब्द काढला नाही. त्या घराचे कपडे शिवणं तेवढं बंद केलं. आणि रोज सकाळी वेचलेल्या गोगलगायी मारायच्या सोडून भिंतीवरून पलीकडे टाकायला लागले. काही दिवसांतच पलीकडूनही यायला लागल्या.

शेवटचे काही महिने बाबा खाटेवरून उठले नाहीत. आमच्या मागच्या पडवीला पत्रा आहे. सकाळी पत्र्यावर टप् असं वाजलं की ते डोळे मिटूनच म्हणायचे, "आली." थोड्या वेळाने पुन्हा टप्. इकडून परत फेकायला कुणी उरलं नाही, हे पलीकडच्या माणसाला चांगलं ठाऊक होतं. दवाखान्यात आयुष्य काढलेला माणूस. शेजारी कोण किती दिवसांचा सोबती आहे हे त्याला कुणी सांगायला नको. तरी पत्रा वाजायचा थांबला नाही. बाबा गेले त्या सकाळीही तो वाजला.

ते मी विसरणार नव्हते.

राखलेलं बी पेरलं तेव्हा वाफ्याभोवती चुन्याची रेघ ओढली, आत राखेचा दुसरा वेढा दिला. पाणी घातलं की चुना विरायचा, दव पडलं की राख बसायची. मी दोन्ही पुन्हा ओढायचे. संध्याकाळी पोती साखरेच्या पाण्यात भिजवून कोपऱ्याकोपऱ्यात पसरायची, खाली कोबीची पानं ठेवायची, आणि उजाडता उजाडता पोती उलटून पानांना चिकटलेल्या गोगलगायी वेचायच्या. कादंबऱ्यांमधली सूड घेणारी माणसं काळ्या घोड्यावरून येतात. चिखलात उकिडवं बसून, बोटांचा चिकटा परकराला पुसणारं त्यांत कुणी मला आठवेना.

वेचलेल्या मी धुण्याच्या दगडाजवळच्या मिठाच्या बादलीत टाकत नव्हते. जाळीदार पोत्यात साठवत होते. आत पानं टाकत होते.

"मारायच्या सोडून पाळतेस काय गं?" आईने विचारलं.

"लागणार आहेत."

"कशाला? लग्नाला?"

 मनात बेत पक्का होता. आपली चार रोपं काठीवर चढली की पोतं भिंतीपलीकडे रिकामं करायचं. त्यांचा वाफा एकदा चाटून पुसून साफ झाला की हा घेवडा एकाच घरात उरेल, आणि मग त्याला एकच नाव उरेल.

पण एका सकाळी माझा वाफा पुन्हा मोकळा झाला. या वेळी देठही नव्हते. डबीत बी नव्हतं. चुन्याची रेघ जशीच्या तशी होती. या चालत आल्या नव्हत्या, वरून पडल्या होत्या. एक कवच फुटून राखेत रुतलं होतं.

मी पोतं उचललं, धुण्याच्या दगडावर चढले आणि ते भिंतीच्या माथ्यावर टेकवलं. पलीकडे कंपाउंडरकाका सुतळीने वेल बांधत होते. वेलाला फुलं लागली होती.

"काय आणलंस?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"तुमचंच आहे. परत द्यायला आले."

त्यांनी वर पाहिलं. पोत्याच्या जाळीतून शिंगं बाहेर येत होती. सुतळी त्यांच्या हातात तशीच राहिली.

"पोरी, वेड्यासारखं करू नकोस. फुलावर आलाय."

"हा घेवडा कोणाचा, ते सांगा."

"कोणाचा म्हणजे? माझ्या वाफ्यात आहे."

"बी कोणी दिलं?"

ते हसले. म्हातारे झाले होते, पण ते हसणं मी प्रदर्शनाच्या मांडवात पाहिलेलं होतं.

"तुझ्याकडचा संपला ना? मग ओत. बापाचा आहे म्हणतेस, तर खाऊ घाल बापाचा घेवडा गोगलगायींना. मी आडवा येत नाही."

आणि ते सुतळीची गाठ मारायला लागले.

त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. ओतलं असतं तर बाबांनी माझ्या अख्ख्या बालपणभर निवडलेली ती रेघ जगातून पुसली गेली असती, माझ्याच हाताने. नाही ओतलं, तर ती चोराच्या नावाने फुलत राहणार. पोत्याचं तोंड माझ्या मुठीत होतं. मूठ उघडेना आणि आवळेना.

"ओत गं," मागून आई म्हणाली.

ती ओले कपडे खांद्यावर टाकून उभी होती.

"आई, हा शेवटचा आहे. पुन्हा नाही मिळायचा."

"नाही मिळाला तर नाही मिळाला. मला काय त्याचं कौतुक? आयुष्यभर तोच निवडला, तोच शिजवला. तुझ्या बाबांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही कधी. आता ते नाहीत." तिने कपडे दोरीवर टाकले, दगडावर माझ्या शेजारी चढली आणि पोत्याचं तोंड माझ्या हातातून घेतलं. "तुला जमत नसेल तर सरक."

काकांच्या हातातली सुतळी सुटली. "वहिनी, थांबा."

"का? तुमचाच आहे म्हणता ना? मग माझं काय जातंय?"

तिने गाठ सोडली. पहिली गोगलगाय भिंतीवरून खाली घरंगळली आणि फुलांशेजारी पडली. काकांनी ती झडप घालून उचलली. दुसरी पडली. तीही उचलली.

"शिंप्याचा आहे!" ते ओरडले. "शिंप्याचा, वहिनी. त्यानेच दिला. झालं?"

"मला कशाला सांगता? मला माहीत आहे. बाजारात सांगा."

"सांगतो."

"प्रत्येक गिऱ्हाइकाला."

"म्हटलं ना, सांगतो! बी वाळलं की बीसुद्धा देतो."

"ते तर देणारच आहात," आई म्हणाली आणि पोतं आमच्या बाजूला, मिठाच्या बादलीत ओतलं.

शेंगा धरल्या तेव्हा बाजाराच्या दिवशी मी सकाळीच त्यांच्या पाटीजवळ स्टूल टाकून बसले. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पहिलं गिऱ्हाईक आलं, शाळेतल्या शिपायाची बायको. ती शेंगा चाळायला लागली.

"कंपाउंडरचा घेवडा आला वाटतं!"

मी वाट बघितली. काकांनी तराजू पुसला, वजनं पुसली, पुन्हा तराजू पुसला.

"शिंप्याचा," ते शेवटी म्हणाले.

"काय शिंप्याचा?"

"घेवडा. बी शिंप्याचं आहे. मी त्याच्याकडून घेतलेलं."

"अगंबाई! शिंपी कधीपासून घेवडा करायला लागले?" ती हसली. मग मला पाहून तिने पदर सावरला. "चांगले होते हो तुमचे वडील. माझा निळा ब्लाउज अजून उसवला नाही." आणि काकांकडे वळून, "बरं, कोणाचा का असेना, कोवळा आहे ना? अर्धा किलो द्या."

काकांनी शेंगा तोलल्या. मला वाटलं होतं की ते शब्द ऐकून छातीतलं काहीतरी मोकळं होईल. तसं काही झालं नाही. पण काकांच्या मानेवर घाम आला होता, आणि तो बघायला मला आवडत होतं.

दुसरी बाई पाटीपुढे वाकली. काका गप्प राहिले.

मी स्टूल थोडं पुढे ओढलं.

"म्हणा," मी म्हणाले.