बुडवलेली शंभर रोपं

भात संशोधन केंद्रात माझं काम म्हणजे चांगली हिरवीगार रोपं पाण्यात बुडवणं. वीस दिवसांची शंभर रोपं टाकीत ठेवायची, कमरेइतकं पाणी सोडायचं आणि चौदा दिवस त्यांना हवा लागू द्यायची नाही. पाणी काढल्यावर आणखी दहा दिवस थांबायचं आणि मगच जगलेली मोजायची. काही रोपं हवेसाठी भराभर उंच वाढतात आणि त्यातच दम संपून मरतात. काही मात्र वाढ थांबवून गप्प बसतात आणि पाणी ओसरलं की बुडातून पुन्हा फुटतात. गप्प बसणं मला कधी जमलं नाही, म्हणून मला त्यांचं भारी कौतुक.

पुराच्या गावांसाठी अशी गप्प बसणारी भाताची जात तयार करायला आमच्या शास्त्रज्ञ मॅडमनी नऊ वर्षं घातली होती. महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. या शेवटच्या चाचणीत शंभरातली साठ जगली तरच बियाणं शेतकऱ्यांकडे जाणार होतं, नाहीतर केंद्राचे साहेब कामच बंद करणार होते.

आठव्या दिवशी पाती पिवळी दिसली आणि माझा जीव खालीवर झाला. दोन दिवस संध्याकाळी मी टाकीचं बूच काढून पात्यांची टोकं उघडी पडेपर्यंत पाणी सोडलं आणि सकाळी पुन्हा भरलं. तेव्हा वाटलं, केवढं पुण्याचं काम केलं!

मोजणीत अठ्ठ्याऐंशी जगली. साहेबांनी पेढे मागवले. मॅडमनी पहिला माझ्या हातावर ठेवला, पण मी तो परत खोक्यात ठेवला. त्यांना बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं.

त्यांनी पेढ्यांचं खोकं बंद केलं. माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अगं, पुरात त्या माणसांच्या शेतातलं पाणी कोण कमी करणार? तू जाणार आहेस?"

"चुकलं, मॅडम."

त्यांनी स्वतःच साहेबांना सांगून निकाल रद्द केला. साहेबांनी कपाळाला आठ्या घालत आणखी एक चाचणी दिली, पण तोवर मॅडमचा निरोप समारंभ उरकला. त्यांच्या नऊ वर्षांबद्दल भाषणात एक शब्द निघाला नाही. मी मागच्या रांगेत बसून स्वतःला शिव्या घालत होते.

या वेळी बुचाला हात लावला नाही. पाती पिवळी पडली, कुजली. पाणी काढल्यावर टाकीत नुसता चिखल आणि लोळागोळा झालेली रोपं. सहाव्या दिवशी एका बुडातून बारीक हिरवं टोक दिसलं. दहाव्या दिवशी साहेबांसमोर मोजणी झाली आणि मी धावत जाऊन मॅडमना फोन लावला.

"बासष्ट," मी म्हटलं. "तेव्हापेक्षा पुष्कळ कमी आहेत, मॅडम."



"कमी कसली गं?" त्या रडत म्हणाल्या. "ही बुडून जगलीत."