व्हॅक्यूम गेला की

बिंदुमाधवांनी किल्ली फिरवून बाहेर काढली, तरी इंजिन धडधडतच राहिलं.

“बंद नाही झालं?” बाहेर उभ्या असलेल्या हिमानीने विचारलं.

“तेच तर बघायचंय.”

ते डाव्या दाराने बाहेर सरकले आणि बॉनेटखालचा खटका दाबून त्यांनी इंजिन बंद केलं. उजवं दार उघडतच नव्हतं. ते पार आत चेपलं होतं, आणि अपघात झाला तेव्हा त्याच दारामागे केयूर बसलेला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा, हिमानीचा नवरा. राजघाटच्या पुलाच्या उतारावर गाडी थांबली नाही. समोर आलेल्या रिक्षाला वाचवायला त्याने ती दगडी कठड्यावर घातली. केयूर चालवायचा ती जुनी परदेशी डिझेल टॅक्सी पोलिसांनी मैदागिनमागच्या या पडीक जागेत आणून टाकली होती. दूधविनायकाच्या गल्लीत सायकलसुद्धा अंग चोरून जाते, तिथे ती घरापर्यंत कधी पोचलीच नव्हती.

लोकांनी निकाल लावून टाकला होता: भांग घेतली असणार. मेलेल्याच्या डोक्यावर खापर फोडणं सोपं, तो काही उठून उत्तर देत नाही. केयूरने भांगेला कधी बोट लावलं नव्हतं. पण तेराव्याला जेवायला बसलेल्यांनी भाताबरोबर हाच विषय चघळला, आणि वाढता वाढता हिमानीने तो ऐकला. तेव्हापासून तिने सासऱ्यांच्या मागे एकच धोशा लावला होता.

“मला दुसरं काही नको, बाबा. उद्या शाळेत कोणी रुचीला म्हटलं की तुझा बाप भांगेत मेला, तर मी तिला काय सांगू? गाडीत खराबी होती की नव्हती, बस, इतकं बघा.”

बिंदुमाधवांचा जन्म मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेला होता. गार्डच्या त्या डब्यात डोळ्यांसमोर व्हॅक्यूमचा काटा असायचा. नळी फुटो नाहीतर डबा तुटो, व्हॅक्यूम गेला की चाकांना आपोआप ब्रेक लागायचे आणि अख्खी गाडी उभी राहायची. देवावर त्यांनी कधीमधी संशय घेतला असेल, या नेमावर कधीच नाही.

आता ते पंपापासून एकेक नळी चाचपू लागले. या गाडीत इंजिनवरचा पंप हवा ओढून घ्यायचा, आणि त्या ओढीवरच ब्रेकला जोर मिळायचा, गिअर सुरळीत बदलायचे, किल्लीने इंजिन बंद व्हायचं. त्यांनी हिमानीला आत बसवून इंजिन पुन्हा सुरू करायला लावलं.

“ब्रेक दाब.”

“दगड आहे, बाबा. दबतच नाही.”

ब्रेकच्या डब्याकडे जाणाऱ्या जाड नळीशी बारीक सूं ऐकू येत होतं. रबर बुडाशी चिरलं होतं. त्यांनी चिरेवर अंगठा दाबून धरला. सूं थांबलं.

“आता?”

“अरे! गेला आत. एकदम नरम.”

“चाबी फिरव.”

इंजिन निमूट बंद झालं.

हिमानी बाहेर आली. ती रडत होती, पण इतक्या दिवसांत तिचा चेहरा पहिल्यांदाच मोकळा दिसला.

“म्हणजे खराबी गाडीतच होती. मी सगळ्यांना सांगीन. रुचीच्या बाबांना बिचाऱ्यांना पताच नव्हता.”

बिंदुमाधवांचा अंगठा अजून चिरेवरच होता. नळी फुटली होती, व्हॅक्यूम गेला होता आणि गाडी थांबली नव्हती. आगगाडीत व्हॅक्यूम ब्रेकला मागे धरून ठेवायचा. इथे तो पायाला जोर द्यायचा. सगळं उलटं होतं. मुलाला आपणच मारलं असं त्यांना वाटलं. वाटलं कशाला, तसंच होतं. हिमानी म्हणते तेवढंच राहू दिलं असतं, तर कोणी विचारायलाही आलं नसतं.

“त्याला पता होता,” ते म्हणाले.

“काय?”

“त्या दिवशी सकाळी म्हणाला, बाबा, ब्रेक कडक लागतोय, गिअर झटके देतोय, चाबीने इंजिन बंद होत नाही. मुगलसरायची सवारी आहे, मना करून टाकतो. मी दाढी करत होतो. आरशातून नजर न काढता म्हटलं, व्हॅक्यूम गळत असेल, तू जा खुशाल. व्हॅक्यूम गेला की गाडी आपोआप थांबते.”

हिमानीने पदर तोंडाशी धरला. पलीकडे रस्त्यावर रिक्षावाले सवाऱ्यांना हाका मारत होते. बऱ्याच वेळाने ती जवळ आली आणि तिने त्यांच्या मनगटाला हात लावला.

“अंगठा काढा आता, बाबा. इंजिन बंद आहे.”

त्यांनी मान हलवली, पण अंगठा तसाच दाबून धरला.