कोळशाने घासलेली किटली

मी विजेची किटली बोलतेय, आणि आधीच सांगते, माझ्यावर कुणी म्हणता कुणी विश्वास ठेवला नाही. पाण्याला धुराचा वास येतो त्यात माझा दोष नाही, हे मी किती वेळा खदखदून सांगितलं. वाफ सोडली, झाकण थडथडवलं. माणसांना वाटलं पाणी उकळलं, आणि बटण बंद करून मोकळी झाली. बाईचं बोलणं ऐकायची हीच रीत. तापली म्हणायचं आणि बंद करायचं.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. आठवतं ते एल्डोरेट शहरातल्या दुकानातलं फळकूट. शेजारी प्लॅस्टिकच्या रंगीत किटल्या, सगळ्या नटव्या. मी स्टीलची, पोटाने मोठी. माझं शिक्षण म्हणाल तर बुडाला चिकटवलेल्या कागदापुरतं: पाणी भरा, झाकण लावा, दुसरं काही घालू नका. तेवढं जरी लोकांनी पाळलं असतं तरी मला आज तोंड उघडावं लागलं नसतं.

मला निवडलं सालिनाने. इटेन गावात तिच्या अंगणात पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या दोन खोल्या आहेत. लांबलांबच्या देशांतून माणसं येतात, सकाळी पळतात, दुपारी झोपतात, संध्याकाळी पुन्हा पळतात, आणि एवढं करून वर पैसेही देतात. माझ्याआधी तिथे दोन किटल्या मेल्या होत्या. पहिलीला एका पाहुण्याने सरळ शेगडीवर चढवलं. दुसरीत नैरोबीच्या एका जोडप्याने दूध, साखर आणि चहापत्ती एकत्र उकळली. कारण दुधाशिवायच्या चहाला आमच्याकडे चहा म्हणत नाहीत, आजारपण म्हणतात.

म्हणून सालिनाने या वेळी नीट पारखून घ्यायचं ठरवलं. म्हणजे बाजारात कालवड पारखतात तसं. तिने माझ्या तोंडात डोकावून पाहिलं, पोटावर टिचक्या मारल्या, कान धरून उचललं, चार पावलं मागे जाऊन माझी उभं राहायची ढब बघितली.

"तापट आहे का?" तिने विचारलं.

"मावशी, किटली आहे ती. तापणं हेच तिचं काम," दुकानदार म्हणाला.

"लाथ मारते?"

"वायर ओली केलीत तर मारेल."

"म्हणजे कारण असेल तरच. पुष्कळ माणसांपेक्षा बरी म्हणायची," सालिना म्हणाली आणि मला काखेत मारून निघाली.

मी खोलीत आले आणि मागोमाग फेम्के आली. हॉलंडची पोरगी, पाय हरणासारखे, भूक म्हशीसारखी. तिच्या मागे अख्खी टीम यायची होती. "खोली चांगली आहे, असं मी कळवलं की सगळे येतील, सगळा मोसम राहतील," ती सालिनाला म्हणाली. सालिना बोटांवर पैसे मोजायला लागली. सगळा मोसम! नाहीतर दोन्ही खोल्यांना कुलूप लागायची वेळ आली होती.

पण या घरात एक सासूही आहे. अख्खा गाव तिला कोगो म्हणतो, म्हणजे आजी. फेम्के पळायला गेलेली, सालिना बाजारात. कोगो खोलीत शिरली, माझ्यात नाक घालून म्हणाली, "शी! नुसतंच धुतलंय. असं ठेवतात होय भांडं?"

आमच्याकडे दुधाचा भोपळा धुऊन भागत नाही. सेनेतवेत झाडाची फांदी पेटवायची, निखारा झाला की भोपळ्यात घालून आतून गच्च घासायची. मग त्यात दूध विरजलं की महिनाभर टिकतं, आणि त्याला धुराची चव येते. भोपळ्याला हे शोभतं. पण कोगोने निखारा माझ्यात घातला! मी ओरडले असते, पण पोटात पाणी नसलं की आमच्या जातीला आवाज नसतो.

फेम्के परत आली, पाणी उकळलं, घोट घेतला, थुंकली.

"सालिनाताई, पाणी काळं आहे!"

"आमचं डोंगरातलं पाणी आहे, थोडं सावळं असतं," सालिना म्हणाली आणि लिंबू घेऊन मला घासत बसली. दुसऱ्या दिवशी दोघी बाहेर पडल्या की कोगो फांदी घेऊन हजर. एक घासून पांढरी करायची, दुसरी घासून काळी. मधल्यामध्ये माझी सालटी निघाली. फेम्केने टीमला काहीच कळवलं नाही. सालिनाने आधी टाकीला शिव्या दिल्या, मग वीजवाल्यांना, शेवटी मला. "बनावट आहे मेली!"

अखेर आरप मोसोनिकना बोलावलं. गावातले वडीलधारे, कुणाची मेंढी कुणाच्या मक्यात शिरली तरी निवाडा यांचाच. अंगणात चहा झाला. मला मधोमध स्टुलावर बसवलं.

"किटली काही बोलत नाही, म्हणजे तिला कबूल आहे," मोसोनिक म्हणाले.

"मला कुणाला शिक्षा नकोय हो, मला फक्त चहा हवाय," फेम्के म्हणाली.

"मग घे की. हा काय, दुधाचा आहे."

तेवढ्यात कोगो म्हणाली, "कोळसा मी घासते. त्यात काय झालं?"

मग मोसोनिक हसले. "कोगोंची थट्टेची सवय काही जायची नाही."

"थट्टा कसली डोंबलाची? हे हात बघ माझे!"

"दमलात तुम्ही. चहा घ्या."

वडीलधाऱ्या बाईवर दोष कसा ठेवणार? म्हणजे माझ्यावर विश्वास नाही ते नाहीच, तिच्यावरही नाही!

"मग कोळसा आत गेला कसा?" सालिनाने विचारलं.

"वाऱ्याने."

"झाकण होतं, काका."

"जोराचा वारा असेल." आणि निवाडा झाला: किटली कचऱ्याच्या खड्ड्यात टाका.

सालिनाने मला उचललं, तशी कोगो उठली आणि मला छातीशी धरून म्हणाली, "आधी मला टाका. गोठा पाडून खोल्या बांधल्यात, गाय विकलीत. विचारलंत मला? भोपळे भिंतीवर रिकामे टांगलेत. जन्मभर भांडं घासलेल्या हातांनी आता काय करू, टाळ्या वाजवू? या घरात घासावं असं हे एकच उरलंय."

फेम्के नाक ओढत होती. मोसोनिकनी मात्र सुटकेचा श्वास टाकला. पाहुणा नाही, म्हातारा नाही आणि समोरही नाही, असा दोषी सापडला होता.

"गाय विकली कुणी?" त्यांनी विचारलं.

सालिनाने मान खाली घालून नवऱ्याला फोन लावला. तो मोंबासाच्या रस्त्यावर ट्रक चालवतो. त्याने फोन कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मोसोनिकनी निवाडा फिरवला: दोष गाय विकणाऱ्याचा, आणि त्याने आईला गाय आणून द्यावी.

पाहुण्यांसाठी सालिनाने काचेची किटली आणली. निवडायला कोगोला बरोबर नेलं, आणि कोगोनेच तिला टिचक्या मारल्या. टीम परवा आली, पळतेय. माझी वायर कापली आणि मला कोगोच्या झोपडीत टांगलं, भोपळ्यांच्या शेजारी. रोज निखारा खाते. आता सवय झाली, खोटं कशाला बोलू. पण पोट रिकामं आहे. भोपळ्यांचंही.

म्हणून तुम्हाला सांगणं आहे. मोंबासाच्या रस्त्यावर भाजलेलं कणीस खात, घरचा फोन कापत ट्रक हाकणारा कुणी भेटला, तर त्याला थांबवा. म्हणावं, आईला दुभती गाय आण, लाथ मारणारी असली तरी चालेल. नाव विचारून खात्री करून घ्या: किमाइयो.