हसण्याआधीचा खांदा

तेलाचा थेंब तर्जनीच्या टोकाशी लोंबकळत होता, वाफाळत — आणि हाडं बसवणारे चेक्कूट्टी गुरुक्कळ त्याच्याकडे असे पाहत होते, जणू ते बोट दुसऱ्याच कुणाचं आहे. थेंब पडला तसा जुनैस कळवळला.

"भाजताय का खांदा, गुरुक्कळ?"

"गोलकीपर ना तू? अडवायचा होतास."

संघाचा मॅनेजर बावाक्का बाकावर खिंकाळला. जुनैस हसला नाही. बरोबरच आहे, त्याच्या हसण्याची वेळ अजून यायची होती. चाळीस वर्षं केरळातल्या मलप्पुरमच्या मैदानांवर निखळलेले सांधे या ओसरीवर असेच बसत आलेत — गुरुक्कळांनी थाप मारायची, खेळाडूनं हसायचं, हसताना अंग सैल पडतं, त्याच क्षणी झटका. पण त्याआधी बोटांनी विचारून घ्यायचं... हाड नुसतं निसटलंय, की आत चीरही गेलीय? चीर असेल तर ओढायचं नाही, एक्स-रेला धाडायचं. ओढलं तर हात कायमचा गेला. बोटं कधी खोटं बोलली नाहीत. ते काम तोंडाचं.

आणि दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजारानं बोटांची जाण खाल्ली. कुणाला सांगितलं मी? बायकोलासुद्धा नाही. अंदाजानं चालवलंय... गेल्या महिन्यात कोंडोट्टीच्या फॉरवर्डचं मनगट वाकडं बसलं, तर म्हटलं, मनगट सरळच आहे, तूच तिरळा आहेस! सगळे हसले. तोही हसला, दुसऱ्या हातानं डोळे पुसत.

"लवकर ओढा, गुरुक्कळ. संध्याकाळी सेमीफायनल आहे," बावाक्का म्हणाला.

"हा उतरणार?"

"पट्टी बांधून नुसता उभा करू. याचं थोबाड बघूनच पलीकडचे बाहेर मारतात."

"हाताला मुंग्या येतायत," जुनैस हळूच म्हणाला.

गुरुक्कळांनी दंड चाचपला. लाकूड चाचपावं तसा. मग सवयीनं तोंड सुरू झालं — एकदा एका रेफरीचा जबडा निखळला, मी बसवला, पण घाईत त्याची शिट्टी आतच राहिली. तेव्हापासून तो घोरला की सगळी आळी जागच्या जागी थांबते. परवा त्याच्याकडे चोर शिरला, शिट्टी ऐकून हात वर करून उभा... "आणि बिचारा विचारतो, पण फाऊल काय केला मी?"

जुनैस हसला. दंड सैल पडला, जड, भरवशानं सोपवलेला. हीच वेळ... माझे हात ओढायला निघाले आणि मीच त्यांना धरून ठेवलं.

हसू विरलं. खांदा पुन्हा दगड झाला.

"झालं?" जुनैसनं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"हा फुसका बार होता," बावाक्का म्हणाला. "दुसरी सांगा, जरा दमदार."

जुनैसचे ओठ तयारीत आधीच किंचित हसरे झाले होते. गुरुक्कळांनी तोंड उघडलं. एकही थाप येईना — येत होतं ते फक्त, मला काहीच लागत नाहीये रे हाताला... इतकं साधं, इतकं खरं, की आपण ते बोललो तर हे दोघं पोट धरून हसतील, याचीच भीती आता छातीत बसत चालली होती.